दहा कोंबड्यांना परवाना लागतो का?

परसदार : लेखांक 7

खुराडं उभं राहिलं, दहा तलंगा आत गेल्या, की चार दिवसांत कुंपणापलीकडून प्रश्न येतोच, "परवानगी काढली का याची?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं, तुमचा कोंबडा पहाटे चारलाच आरवतो, एवढंच त्याला सांगायचं असतं. तरीही प्रश्न रास्त आहे. गेल्या आठवड्यात आपण खुराड्याची उंची, जाळी आणि कडी-कोयंडा पाहिला. आज कायद्याचं पाहू.

गावात घरच्या परसात दहा-वीस कोंबड्या पाळायला केंद्राचा किंवा राज्याचा कोणताही परवाना लागत नाही. ज्या नियमांची भीती घातली जाते, ते मोठ्या शेडसाठी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका जागी 5,000 किंवा त्याहून जास्त पक्षी असतील, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र घ्यावं लागतं. पूर्वी ही मर्यादा एक लाख पक्ष्यांची होती. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं आणि ती इतकी खाली आली. दुसरीकडे, जुलै 2025 मध्ये राज्य सरकारने पशुपालनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. त्यात 25,000 पर्यंत मांसल आणि 50,000 पर्यंत अंड्यांवरचे पक्षी येतात, आणि वीजदर व ग्रामपंचायतीचा कर शेतीच्या धर्तीवर लावण्याचं धोरण ठरलं. दहा कोंबड्यांना याने काही फरक पडत नाही. उद्या पाचशेची शेड टाकायचं मनात असेल, तर मात्र कराची पावती नीट वाचा.

ग्रामपंचायत कुठे येते

बांबू-जाळीचं खुराडं कुणी विचारत नाही. पण गावठाणात पाया खणून, विटा लावून, पत्रा टाकून शेड बांधणार असाल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे बांधकामाची परवानगी घ्यावी. ग्रामसेवकाकडे अर्ज द्यायचाच आहे, तर रोजगार हमीतून शेड मिळते का, हेही त्याच फेरीत विचारा. फेब्रुवारी 2021 मध्ये जाहीर झालेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत 100 पक्ष्यांच्या शेडसाठी 49,760 रुपये धरले होते. जॉबकार्ड लागतं आणि प्रस्ताव ग्रामपंचायतीतून पंचायत समितीकडे जातो.

ग्रामपंचायतीचा खरा संबंध येतो स्वच्छतेपाशी. वास, माशा आणि शेजारच्या अंगणातली विष्ठा या तीन गोष्टींवरून भांडणं होतात. तक्रार आधी ग्रामपंचायतीकडे जाते. तिथे मिटली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव हटवण्याचा आदेश काढू शकतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं हे कलम 133. दहा कोंबड्यांवरून तहसील कचेरीची पायरी चढायची वेळ येऊ नये, यासाठी उपाय साधा आहे. खुराड्यात भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार बोटं जाड पसरा, दोन दिवसांनी खालीवर करा, ओला झालेला भाग लगेच काढा आणि वर चुना भुरभुरा. कोरड्या विष्ठेला फारसा वास येत नाही. पाणी सांडलं की अमोनिया सुटतो आणि माशी बसते. म्हणून पाण्याचं भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा. काढलेलं खत थेट वांग्याच्या बुडाशी टाकू नका, मुळं करपतात. दोन-तीन महिने कुजवून मग वापरा.

शहरात चित्र वेगळं. अहिल्यानगर महापालिका, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव अशा नगरपालिका. प्रत्येकीचे नियम आपापले. प्रभाग कार्यालयात जाऊन लेखी विचारा. वसाहतीत राहत असाल तर सोसायटीच्या नियमावलीवरही नजर टाका. आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते : कोंबडी अंडं घालते, त्यासाठी कोंबडा लागत नाही. पिल्लं हवी असतील तरच तो हवा. पुण्यात 2019 मध्ये कोंबड्याच्या आरवण्याने झोपमोड होते म्हणून एका बाईंनी थेट पोलीस ठाणं गाठलं होतं. कॉलनीत नुसत्या कोंबड्या ठेवल्या, तर अर्धी भांडणं सुरूच होत नाहीत.

अंडी विकायला अन्नसुरक्षेचा परवाना लागतो का? स्वतःच्या कोंबड्यांची अंडी स्वतः विकणारा शेतकरी अन्नसुरक्षा कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. इतरांची अंडी गोळा करून विकू लागलात, किंवा कोंबडी कापून मटण विकू लागलात, की तो व्यवसाय झाला; मग नोंदणी आली. कोंबड्या बाजारात नेताना मात्र पाय बांधून सायकलच्या दांड्याला उलट्या टांगू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा कोंबडीलाही लागू आहे. डालगं किंवा हवेशीर खोका वापरा.

ज्या कायद्याला संख्येची मर्यादा नाही

आतापर्यंतचे नियम दहा कोंबड्यांच्या अंगाला फारसे लागत नाहीत. पण आणखी एक कायदा असा आहे, की तो एका कोंबडीलाही लागू होतो : प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा आणि नियंत्रणाचा 2009 चा केंद्रीय कायदा. त्याच्या यादीत बर्ड फ्लू आहे आणि आपल्याकडची मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगही आहे. यादीतला रोग असल्याची शंका आली की गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणं ही मालकाची जबाबदारी. रोगट पक्षी बाजारात नेणं मना, आणि मेलेला पक्षी नदी-कालव्यात टाकणं हाही गुन्हा.

प्रत्यक्षात काय होतं, ते आपण सगळे जाणतो. दोन कोंबड्या मान वाकडी करून पडल्या, हिरवट हगवण दिसली, की उरलेल्या आठ त्याच आठवड्याच्या बाजारात काढल्या जातात आणि मेलेल्या पिशवीत घालून पाटात सोडल्या जातात. रोग मग पाटाच्या पाण्याबरोबर आणि बाजारच्या डालग्यांबरोबर पुढच्या गावात पोचतो. हे करू नका. जनावरांच्या दवाखान्यात कळवा किंवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 वर फोन करा. मेलेला पक्षी विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

लवकर कळवण्यात पैशाचाही हिशेब आहे. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात तो पुन्हा दिसला. बर्ड फ्लू पक्का झाला की एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी नष्ट केले जातात. त्यात शेड आणि परस असा भेद नसतो. पुढे दहा किलोमीटरपर्यंत देखरेख राहते. नुकसानभरपाई केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी देतात, पण ती सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. त्याआधी मेलेल्यांचं काही मिळत नाही. गप्प बसून आठ दिवस घालवणाऱ्याच्या हाती कोंबडीही राहत नाही आणि पैसाही.

एक कुपी, दहा घरं

बर्ड फ्लू क्वचित येतो. परस रिकामं करते ती मानमोडी, आणि तिच्यावर स्वस्त लस आहे. तरीही परसातल्या कोंबड्यांना ती दिली जात नाही, कारण कुपी लहान मिळत नाही. मानमोडीवरच्या लासोटा या लसीची कुपी निदान 100 मात्रांची असते. एकदा द्रावण मिसळलं की ते दोनेक तासांत संपवावं लागतं. दहा कोंबड्यांसाठी ती फोडली, तर नव्वद मात्रा मातीत. म्हणून कुणीच फोडत नाही, आणि एका घरात शिरलेली मर सगळी आळी फिरते.

उपाय कागदावरचा नाही, आळीतला आहे. दहा घरांनी एकाच आठवड्यात पिल्लं आणायची आणि एकाच संध्याकाळी लस द्यायची. बचत गट असेल तर उत्तमच. उमेदच्या पशुसखी बऱ्याच गावांत हे काम करतात. कुपी दवाखान्यातून बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणायची. दिवस मावळताना पिल्लं डालग्याखाली घ्यायची आणि एकेक हातात धरायचं. मान अंगठ्याने हलकेच आडवी करून डोळ्यात एकच थेंब टाकायचा. थेंब डोळ्यावर चकाकत राहतो. पिल्लाने पापणी मिटून उघडली आणि थेंब आत गेला, की मगच सोडायचं. घाईने सोडलेलं पिल्लू मान झटकतं आणि मात्रा वाया जाते. हा पहिला डोस पाचव्या ते सातव्या दिवशी. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरोची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्यात देवीची, आणि आठव्याच्या पुढे मानमोडीचं इंजेक्शन. तारखा तुमच्या पशुधन विकास अधिकाऱ्याशी बोलून पक्क्या करा.

अशी यादी करताना नाव घरातल्या बाईचं लिहा. कोंबड्या तीच सांभाळते, अंड्याचा पैसाही तिच्याच हाती खेळतो. दवाखान्यातून निरोप आला तर तो तिलाच मिळायला हवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे देशाला गावरान बियाण्यांमुळे माहीत आहेत, पण बायफच्या 'मित्र' या संस्थेच्या मदतीने परसातलं कुक्कुटपालनही त्या शिकल्या. ज्या हातांनी बी राखलं, त्याच हातांनी पिल्लंही राखली. यादी त्या हातांच्या नावावर असावी, हा साधा व्यवहार आहे.

तेव्हा या आठवड्याचं काम एवढंच : आपल्या आळीत कुणाकडे किती कोंबड्या आहेत, ते एका वहीच्या पानावर उतरवा आणि ते पान घेऊन दवाखान्यात जा. दहा कोंबड्यांसाठी कुणी कुपी फोडत नाही. शंभर लिहिलेल्या दिसल्या तर नाही म्हणणंही अवघड जातं. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याचंही नाव त्या पानावर येऊ द्या. परवानगी विचारणारा लसीत भागीदार झाला, की कोंबडा त्याला थोडा उशिरा आरवल्यासारखा वाटू लागतो.

पुढच्या लेखांकात : वनराज, गिरिराज की गावरान? आणि सुधारित जातीची कोंबडी खुडूक बसत नसेल, तर पुढची पिल्लं आणायची कुठून?