व्हिसा तात्पुरता, मग फेलोशिप कुठली?

सुट्टीत कपिलधारला धबधब्यावर गेलो होतो. तिथं एका ज्युनियरनं विचारलं, "दादा, अमेरिकेत पोचल्यावर तिथल्या सरकारी फेलोशिपला अर्ज करता येतो ना?" मलाही तसंच वाटायचं. अर्धं प्रपोजल लिहून झाल्यावर पात्रतेची ओळ वाचली!

एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा तात्पुरता असतो. एनएसएफची ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप मात्र अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच मिळते. मग आपल्याला काय? विद्यापीठाची टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप. सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम. पीएच.डी.ला आपल्यापैकी बऱ्याच जणांचा खर्च यावरच निघतो. ब्रिटनमध्ये यूकेआरआयची पूर्ण स्टुडंटशिप २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते, पण ३० टक्क्यांच्या मर्यादेत.

म्हणून जाहिरात उघडली की आधी पात्रता वाचा. 'नागरिक किंवा कायमचे रहिवासी' दिसलं, की ती सोडा आणि पुढची बघा. आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत बसत असाल, तर जातीचा, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. तिकडे बसून तहसीलच्या चकरा मारता येत नाहीत.