मेदयुक्त यकृताचे शीतसंरक्षण

मनुष्याच्या शरीरात यकृताइतकी विविध कार्ये पार पाडणारा दुसरा अवयव क्वचितच आढळेल. अन्नातून आलेल्या द्रव्यांची साठवण, विषारी द्रव्यांचा निकाल, पित्ताची व अनेक प्रथिनांची निर्मिती ही सर्व कामे ते अहोरात्र करीत असते. मूत्रपिंडे निकामी झाली, तर यंत्राच्या साहाय्याने रोग्यास वर्षानुवर्षे जगविता येते. यकृताचे सर्व कार्य दीर्घकाळ करू शकेल असे यंत्र मात्र अद्याप निर्माण झालेले नाही. म्हणून यकृत कायमचे निकामी झाले, की दुसऱ्याचे यकृत बसविणे हाच उपाय उरतो. डॉ. थॉमस स्टार्झल यांनी अमेरिकेतील डेन्व्हर येथे १९६३ मध्ये मनुष्यावर ही शस्त्रक्रिया प्रथम केली. भारतात १९९४ च्या कायद्याने मस्तिष्कमृत्यूस मान्यता मिळाली व १९९८ मध्ये पहिले यशस्वी यकृतारोपण झाले.

आज शस्त्रक्रियेचे तंत्र पुष्कळ स्थिरावले आहे. उणीव आहे ती यकृतांची. त्यातही, मृत दात्यांकडून मिळालेली काही यकृते केवळ मेदाधिक्यामुळे नाकारावी लागतात आणि प्रतीक्षेत असलेल्या रोग्याची संधी हुकते.

थंडीचा उपयोग आणि तिची मर्यादा

दात्याच्या शरीरातून काढलेले यकृत रोग्यापर्यंत पोहोचण्यास काही तास लागतात. या काळात त्यास रक्त मिळत नाही. अर्थात प्राणवायूही मिळत नाही. म्हणून ते थंड द्रवाने धुऊन सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. या तापमानात पेशींचे व्यवहार नेहमीच्या सुमारे दशांशावर येतात. परंतु दशांश म्हणजे शून्य नव्हे. पेशींतील ऊर्जेचा साठा हळूहळू संपतो, सोडियम बाहेर टाकणारी त्यांची यंत्रणा थांबते, पाणी आत शिरते आणि पेशी फुगतात.

हा दोष टाळण्यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर व साउदार्ड या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात एक द्रव सिद्ध केला. त्यातील लॅक्टोबायोनेट व रॅफिनोज यांचे मोठे रेणू पेशीत सहजासहजी शिरत नाहीत. ते पाण्यास बाहेरच धरून ठेवतात. या द्रवामुळे यकृत पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक तास टिकू लागले.

मेदाने काय बिघडते?

निरोगी यकृतात मेद अत्यल्प असतो. स्थूलपणा, मधुमेह किंवा मद्यपान यांमुळे तो वाढतो आणि पेशीपेशींत त्याचे थेंब साठतात. मोठा थेंब पेशीच्या केंद्रकास एका कडेला ढकलतो. असे मोठे थेंब ३० टक्क्यांहून अधिक पेशींत आढळल्यास शल्यचिकित्सक सावध होतात. ६० टक्क्यांहून अधिक पेशींत आढळल्यास यकृत बहुधा नाकारले जाते.

याची कारणे तीन आहेत. पहिले असे, की फुगलेल्या पेशी शेजारच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबतात. त्यामुळे संरक्षक द्रव सर्वत्र सारखा पोहोचत नाही आणि रोपणानंतर रक्तही अडते. दुसरे असे, की अशा पेशींची ऊर्जा निर्माण करण्याची शक्ती आधीच उणी असते. तिसरे कारण रोपणाच्या क्षणी प्रकट होते. उष्ण रक्ताबरोबर प्राणवायू एकदम परत येताच पेशींत प्राणवायूची अतिशय क्रियाशील रूपे निर्माण होतात व ती मेदावर तुटून पडतात. जुने तेल ज्या क्रियेने खवट होते, तशाच क्रियेने येथे पेशींची आवरणे नष्ट होतात. निरोगी यकृत हा आघात बहुधा सोसते. मेदयुक्त यकृतास तो अनेकदा सोसत नाही.

संरक्षणाचे मार्ग

पहिला मार्ग म्हणजे शीतसंग्रहाचा काळ शक्य तितका कमी ठेवणे. दुसरा, द्रवात सुधारणा करणे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल असलेल्या व पोटॅशियम कमी असलेल्या एका नव्या द्रवात स्थूल उंदरांची मेदयुक्त यकृते विस्कॉन्सिन द्रवापेक्षा चांगली टिकल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात उंदरांवरील यश म्हणजे मनुष्यावरील यश नव्हे.

तिसरा मार्ग अधिक आशादायक आहे. यकृत बर्फात निश्चल न ठेवता त्यातून यंत्राने द्रव खेळविला जातो. काही ठिकाणी हा द्रव थंड पण प्राणवायुयुक्त असतो. त्यामुळे रोपणापूर्वीच पेशींचा ऊर्जासाठा भरून निघतो. अन्यत्र शरीराच्या उष्णतेइतके उष्ण रक्त वापरतात. या उष्ण पद्धतीची युरोपात चाचणी झाली व २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत २२० रोपणे झाली होती. शीतसंग्रहाच्या तुलनेत नाकारल्या जाणाऱ्या यकृतांचे प्रमाण निम्म्याने घटले. यंत्रावरील यकृत पित्त स्रवते काय, हे प्रत्यक्ष पाहता येते. म्हणून संशयित यकृताची परीक्षा रोपणापूर्वीच घेता येते. यंत्रावर असतानाच औषधांनी मेद उतरविण्याचे प्रयोगही चालू आहेत.

भारतात बहुतेक यकृते जिवंत दात्यांकडून, बहुधा आप्तांकडून, मिळतात. तेथे शस्त्रक्रियेची वेळ आधी ठरविता येते. म्हणून आहारनियमन व व्यायाम यांनी काही आठवड्यांत दात्याच्या यकृतातील मेद घटविणे अनेकदा साधते. मृत दात्याच्या बाबतीत अशी सवड नसते. त्या थोड्या तासांत यकृताचे रक्षण करणे, हेच या संशोधनाचे प्रयोजन होय.