पाऊस ओसरतो, उल्हास नदी नाही

गौरी-गणपती उरकले, श्रावणापासून थांबलेलं मासळीचं जेवण पुन्हा सुरू झालं, की बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरात माळ्यावरचे गळ आणि पाग खाली उतरतात. भाद्रपद संपत आलेला असतो. ऊन पडतं, डोंगर हिरवेगार असतात आणि जूनपासून दिलेल्या सूचना आता लागू नाहीत असं सगळ्यांनाच वाटू लागतं. नेमक्या याच दिवसांत पाण्याबद्दलचे जुने समज माणसांना गोत्यात आणतात. ते मासेमारीचे आहेत, होडीचे आहेत आणि बुडालेल्या माणसाला वाचवण्याचेही आहेत.

सगळ्यांत पक्का समज असा: ‘आपल्याकडे पाऊस नाही, म्हणजे पाणी वाढणार नाही.’

उल्हास नदीला बदलापूरच्या आभाळाशी फारसं देणंघेणं नाही. तिचं पाणी खंडाळा-राजमाचीच्या घाटातून, कर्जत-नेरळच्या ओढ्यांतून येतं. घाटात दुपारी कोसळलेला पाऊस इथे काही तासांनी पोहोचतो, तोवर इथला काठ कोरडा आणि माणूस निर्धास्त असतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारच्या वर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, ते याच नदीचं पाणी होतं. सप्टेंबरमध्ये इतका पूर सहसा येत नाही. पण काठावर बसलेल्या माणसाला बुडवायला इतका पूर लागतही नाही. गुडघाभर पाण्याला ओढ असली तरी धडधाकट माणसाचे पाय सुटतात.

घाटाशिवाय आणखी दोन ठिकाणांहून पाणी येतं. एक बारवी धरण. ते भरतं साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात. पातळी ७२.६० मीटरला पोहोचली की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि बारवी नदीतून ते पाणी उल्हासला मिळतं. धरण काठोकाठ भरलेलं असताना पाणलोटात पडलेली एक जोरदार सर थेट खाली येते. जुलैत रिकामं धरण जे पाणी पोटात घेतं, ते सप्टेंबरात घेऊ शकत नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. दुसरं ठिकाण भिवपुरी. तिथलं टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ पासूनचं आहे. घाटमाथ्यावरच्या धरणांतलं, एरवी भीमेकडे पूर्वेला गेलं असतं असं पाणी वीज करून उल्हासच्या खोऱ्यात सोडलं जातं. वीज मागणीप्रमाणे तयार होते, म्हणून पावसाचा थेंब नसतानाही दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पात्रातलं पाणी कमी-जास्त होतं. सकाळी कोरड्या दिसलेल्या खडकावर संध्याकाळी पाणी असू शकतं.

बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर मानली जाते. अनेकजण मोबाइलवर आकडा बघतात आणि ‘अजून खूप खाली आहे’ म्हणून पात्रात उतरतात. हे आकडे वस्तीत पाणी शिरण्याच्या भीतीसाठी ठरवलेले आहेत. पात्रातल्या खडकावर गळ टाकून बसलेल्या माणसासाठी ते नाहीत. त्याने काठावर, अगदी पाण्याच्या रेषेत, एक काटकी रोवावी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी तिच्याकडे बघावं. काटकीला पाणी चढलं, किंवा स्वच्छ वाहणाऱ्या पाण्यात एकदम गढूळपणा, पालापाचोळा, काटक्या दिसू लागल्या, तर सामान आवरत बसू नये. आधी माणसांनी वर यावं. आणि मुळात परतीची वाट पाण्यातून जाते अशा खडकावर बसूच नये.

बंधाऱ्याखालचं पाणी उथळ आणि म्हणून सुरक्षित, हा दुसरा समज. बदलापूरच्या बॅरेजसारख्या बंधाऱ्यांच्या खाली मासे जमतात, हे खरं. वरून येणारं पाणी हवा घेऊन पडतं, तिथे प्राणवायू भरपूर असतो, आणि वर चढू पाहणारा मासा भिंतीपाशी अडतो. पण भिंतीवरून पडलेलं पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे उलटं फिरतं. त्यात पडलेलं लाकूड तिथल्या तिथे गरगरत राहिलेलं कुणीही पाहिलं असेल. माणसाचंही तेच होतं. शिवाय फेसाळलेल्या पाण्यात हवेचे बुडबुडे इतके असतात की शरीराला तरंगायला आधार कमी मिळतो. उत्तम पोहणाराही तिथे दमतो. भिंतीच्या खाली निदान शंभर पावलं सोडून बसा, मासा तिथेही मिळतो.

बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या कुंडाचं वेगळं सांगायला नको. वरून शांत दिसणारं ते कुंड खडकात कोरलेलं आहे. कडेला पाय टेकतो, पुढच्या पावलाला टेकत नाही, आणि शेवाळलेल्या कातळाला हात धरत नाही. दर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि धरणांजवळ मनाई आदेश काढतं. आदेशाची मुदत संपते तेव्हा कुंडाची खोली कमी झालेली नसते.

आता माशांकडे वळू. ‘गढूळ पाण्यात मासा लागत नाही’ हे अर्धंच खरं आहे. मरळ डोळ्यांनी शिकार करते, तिला पाणी निवळायला हवं. शिंगटी, वाम, मंगूर वासावर आणि मिशांवर चालतात. चहाच्या रंगाच्या पाण्यात गांडूळ लावलेला गळ तळाला सोडला तर ते लागतात. पाणी निवळत जातं तसं रोहू-कटल्यासाठी कणकेचा गोळा कामाला येतो. जूनमध्ये पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यांत चढतात, अंडी घालतात, आणि भाद्रपद-आश्विनात पाणी उतरू लागलं की मोठे आणि पिल्लं दोन्ही खाली येतात. म्हणूनच ‘पावसाळा सरला, आता वीण संपली, काहीही धरा’ हे मला सगळ्यांत खटकतं. ओढ्याच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड लावून उतरणीचे मासे धरले तर त्यात बोटाएवढी पिल्लंच जास्त येतात. पुढच्या वर्षीची वलगण त्याच कापडात संपते.

मरळीचं तर डोळ्यांना दिसतं. कडेच्या गवताजवळ पाण्याच्या वरच्या थरात केशरी-तांबूस ठिपक्यांचा पुंजका हलताना दिसला, तर ती तिची पिल्लं. सगळी एकदम वर येतात, हवा घेतात, पुन्हा खाली जातात. खाली मोठी मरळ राखण करत असते आणि जवळ येणाऱ्या कशावरही झेपावते. त्यामुळे ती तिथे गळाला चटकन लागते. ती काढली की तासाभरात पुंजका इतर मासे फस्त करतात. असा पुंजका दिसला तर जागा बदलावी. विष टाकून किंवा सुरुंगाने मासे मारणं तर १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे.

वालधुनीबद्दल मात्र थोडक्यात आणि स्पष्ट. अंबरनाथच्या काकोळे परिसरातून निघून, १०६० च्या शिवमंदिराला वळसा घालून ही नदी उल्हासनगरातून जाते, आणि वाटेत कारखान्यांचं रसायन आणि सांडपाणी घेते. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्यात टाकलेल्या रसायनामुळे वायू पसरून उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. ‘कडक तळला की सगळं जातं’ असं म्हणणारे लोक आजही भेटतात. तळल्याने जंतू मरतात. जड धातू आणि रसायनं माशाच्या मांसात तशीच राहतात. उल्हासमध्येही जलपर्णी दाटलेल्या भागात पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून येताना दिसले, तर ती पर्वणी नाही. पाण्यातला प्राणवायू संपल्याची ती खूण आहे, किंवा पाण्यात काही सोडल्याची. ते मासे खाऊ नयेत, विकू तर अजिबात नयेत.

होडीबाबत ‘पाणी संथ आहे, होडीवाला रोजचा आहे, जॅकेट कशाला’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत, झुंज धबधब्याजवळ होडी उलटून ११ जण बुडाले. महिना हाच, पावसाळ्याचा शेवट. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जण गेले. लहान होडी उलटते ती बहुधा जास्त माणसांमुळे, एकाच बाजूला सरकलेल्या वजनामुळे किंवा फोटोसाठी उभं राहिलेल्या एकामुळे. उलटलीच तर तरंगत्या होडीला धरून राहा. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. ट्रकची ट्यूब म्हणजे जॅकेट नव्हे, ती हातातून निसटते. मुलाला जॅकेट घातल्यावर खांद्यांवरचे पट्टे धरून वर उचलून बघा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघेल.

परतीच्या पावसाची वीज हा आश्विनातला धोका. मुंबई परिसरातून मान्सून साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो. त्याआधीच्या दुपारी स्वच्छ असतात आणि चारनंतर गडगडाट सुरू होतो. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये कळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर होडी काठाला लावा, कार्बनची काठी खाली ठेवा आणि एकट्या झाडाखाली न थांबता पक्क्या छताखाली जा.

शेवटचे दोन समज बुडणाऱ्या माणसाबद्दल आहेत. बुडणारा ओरडतो, हात हलवतो, असं आपण सिनेमात पाहतो. प्रत्यक्षात त्याला श्वासच पुरत नाही, तो ओरडणार कशाने? तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात बाजूंना पाणी दाबताहेत, आवाज नाही: असं दिसलं तर क्षणभरही थांबू नका. पण त्याच्या मागे उडीही घेऊ नका, कारण एकामागून एक वाचवायला गेलेलेही बुडतात. दोरी, ओढणी, लांब बांबू, झाकण लावलेला वीस लिटरचा रिकामा पाण्याचा कॅन, हाताशी येईल ते फेका आणि ११२ वर फोन करा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं किंवा पोट दाबून पाणी काढणं, ही चूक अजूनही सर्रास होते. पोट दाबल्याने पोटातलं अन्न घशात येतं आणि श्वासनलिकेत जातं, शिवाय मोलाची मिनिटं वाया जातात. बुडालेल्याला हवी असते हवा. त्याला सपाट जमिनीवर उताणं झोपवा. श्वास चालत नसेल तर डोकं मागे झुकवून, नाक दाबून आधी तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब, पुन्हा दोन श्वास, आणि हे रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता. १०८ ला कुणीतरी दुसऱ्याने फोन करावा. बुडालेला माणूस खोकला, उठून बसला, ‘बरं आहे’ म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात न्यायलाच हवं. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनंतरही सुरू होतो.