इंडेक्स ठेवू की काढू?

फायनल इयर प्रोजेक्ट म्हटलं की हजेरीचं अ‍ॅप एका तरी ग्रुपकडे असतंच. डेमोच्या आदल्या दिवशी पेज लोड व्हायला वेळ लागतो आणि कुणीतरी सल्ला देतं, ‘अरे, इंडेक्स टाक ना!’ मग दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स टाकला जातो. पण इंडेक्स फुकटात मिळत नाही.

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तसंच हे. शोधणं सोपं होतं, पण मजकूर वाढला की सूचीही सुधारावी लागते. पोस्टग्रेसमध्ये हजेरीच्या टेबलवर सहा इंडेक्स असतील, तर ६० जणांच्या एका लेक्चरची हजेरी टाकताना ६० ओळींसोबत इंडेक्समध्ये ३६० नोंदी कराव्या लागतात.

मग ठेवायचे कोणते? प्रायमरी की असतेच. विद्यार्थी, विषय, तारीख या तिघांवरचा युनिक इंडेक्सही ठेवायचा, कारण एकाची हजेरी दोनदा लागू नये हे तोच बघतो. या इंडेक्सची सुरुवातच विद्यार्थ्यापासून होते, त्यामुळे नुसत्या विद्यार्थ्यावरचा वेगळा इंडेक्स काढला तरी चालतं. विषय मात्र तिथे दुसऱ्या नंबरवर आहे, विद्यार्थी न सांगता शोधलं तर त्याचा फारसा उपयोग नाही. सरांना ‘आज डीबीएमएसला कोण आलं?’ हे बघायचं असतं. म्हणून विषय आणि तारीख यांचा एकत्र इंडेक्स करायचा आणि नुसत्या विषयाचा काढायचा. हजर-गैरहजरवरचाही काढायचा. बहुतेक ओळी ‘हजर’च असतील, तर त्या शोधताना डेटाबेस सरळ अख्खं टेबल वाचतो. तारखेवरचा? नुसती तारीख विचारणारी क्वेरी असेल तरच. नसेल तर उरले तीन इंडेक्स आणि १८० नोंदी.

पण अंदाजाने काहीच काढू नका. कोणता इंडेक्स किती वेळा वापरला, हे पोस्टग्रेस ‘पीजी_स्टॅट_यूझर_इंडेक्सेस’मध्ये मोजून ठेवतं. तिथे शून्य दिसलं तरी थांबा. युनिक इंडेक्स शून्यावर असतानाही डुप्लिकेट रोखत असतो. आणि डिफॉल्टर लिस्ट टर्मच्या शेवटीच निघते, तिला लागणारा इंडेक्स तोवर बिनकामाचाच दिसणार!

काढण्याआधी आणि नंतर तीच क्वेरी ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ लावून चालवा. तेही भरपूर डेटा टाकून, कारण वीस ओळींच्या टेबलवर डेटाबेस बहुधा इंडेक्सकडे बघतच नाही. व्हायवाला ‘हा इंडेक्स कशासाठी?’ असं विचारलं, तर तो लागणारी क्वेरी किंवा तो पाळत असलेला नियम सांगता आला पाहिजे. दोन्हीपैकी काहीच सुचत नसेल, तर तो काढायच्या यादीत टाका.