झिरो वायरमन आणि शिकाऊ उमेदवार

रब्बीच्या दिवसांत परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर-सेलूकडच्या एखाद्या गावात डीपीवरचा फ्यूज उडाला, की शेतकऱ्याला थांबायला वेळ नसतो. थ्री फेज लाईट ठरावीक तासच असते. हरभरा पाण्यावर आलेला असतो, आणि एक फेज गेल्याचं ध्यानात न येता मोटार चालू राहिली तर वाइंडिंग जळून खर्च वेगळाच. लाईनमनकडे गावं अनेक. मग हाक जाते गावातल्याच एखाद्या पोराला. खिशात टेस्टर, कमरेला पक्कड. तो खांबावर चढतो, फ्यूज बांधतो, लोक हातावर काहीतरी ठेवतात. ग्रामीण महाराष्ट्रात त्याला झिरो वायरमन म्हणतात. परवाना नाही, विमा नाही, कुठल्या हजेरीपटावर नाव नाही. शॉक लागून गेला तर वर्तमानपत्रात चार ओळी येतात.

याच कामाचा सरळ रस्ताही याच जिल्ह्यात आहे. दहावीनंतर आयटीआयला वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा ट्रेड, आणि मग महावितरणकडे वर्षभर शिकाऊ उमेदवारी. त्यामागे 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. 2019 च्या सुधारित नियमांनी आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन महिना 7,000 रुपये ठरवलं. कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. मला विद्यावेतनापेक्षा हे कलम मोठं वाटतं, कारण झिरो वायरमनकडे नेमकं तेच नसतं.

आयटीआयच्या वर्गात पोरगा ब्रिटानिया जॉइंट मारायला शिकतो, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मिठाचे थर भरायला शिकतो. खरी विद्या मात्र लाईनवर, जुन्या लाईनमनच्या हाताखाली मिळते. अकरा केव्हीच्या लाईनवर हात घालायचा तर आधी उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं. एबी स्विच उघडायचा, तिन्ही पाती खरोखर सुटली का हे डोळ्यांनी पाहायचं, कुलूप घालायचं. मग लाईन मेली आहे का ते तपासायचं. डिस्चार्ज रॉड लावताना वायरचं टोक आधी जमिनीतल्या अर्थिंगला घट्ट करायचं, त्यानंतरच हुक तारेवर टाकायचा, एकेक करून तिन्ही फेजवर. काढताना क्रम उलटा: आधी तारेवरचा हुक, शेवटी जमिनीचं टोक. आणि हे सगळं कामाच्या दोन्ही बाजूंना, कारण पलीकडच्या कुणाचा जनरेटर डीपीतून उलटा करंट कधी पाठवेल याचा भरवसा नाही. परमिट ज्याने घेतलं त्यानेच परत करायचं. ‘पाच वाजता लाईन चालू करा’ असला वायदा कधीच करायचा नाही. झिरो वायरमनला चढायला येतं, जोडायला येतं. त्याला न मिळालेली गोष्ट म्हणजे ही शिस्त, आणि माणसं मरतात ती तिच्याच अभावी.

शिकवणारा लाईनमन बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या संघटनेचा सभासद असतो. वीज कामगारांच्या संघटना इथे बळकट आहेत. खासगी कंपनीला वीजवितरणाचा समांतर परवाना देण्याच्या विरोधात 4 जानेवारी 2023 ला त्यांनी राज्यभर संप पुकारला आणि त्याच दिवशी सरकारला चर्चेला बसवलं. पण त्यांच्याच शेजारी शिडी धरून उभा असलेला उमेदवार कायद्याच्या लेखी कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. काही अपवाद सोडले तर कामगार कायदे त्याला लागू नाहीत.

अमेरिकेत हे उलटं घडलं. 1891 मध्ये सेंट लुईसला वीज कामगारांची संघटना उभी राहिली. तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाईनमन होता, आणि 1896 मध्ये लाईनवर काम करतानाच शॉक लागून, खाली पडून तो गेला. आज तीच संघटना ठेकेदारांच्या संस्थेसोबत उमेदवारी चालवते. वायरिंगच्या कामासाठी ती साधारण पाच वर्षांची असते, पहिल्या दिवसापासून पगारी, आणि कुशल कामगाराच्या मजुरीचा ठरलेला हिस्सा टप्प्याटप्प्याने वाढत जातो. शिकणारा तिथे संघटनेचाच माणूस.

आपल्याकडे वर्ष संपलं की हातात प्रमाणपत्र येतं, आणि नोकरी द्यायला मालक बांधील नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये उत्तर प्रदेश एसटीच्या खटल्यात सांगितलं की बाकी सगळं सारखं असेल तर प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावं. महावितरणने 2023 च्या अखेरीस विद्युत सहायकांच्या 5,347 जागांची जाहिरात काढली, पहिल्या वर्षी 15,000 रुपये मानधनावर. उरलेली पोरं काय करतात? कुणी परभणीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकतं, कुणी परवाना काढून ठेकेदाराकडे जातं, आणि कुणी प्रमाणपत्र पेटीत ठेवून गावच्या खांबावर चढतं. शिकलेलं पोरगं झिरो वायरमन होतं, याचा जाब संघटनांनी विचारायला हवा. उमेदवारांची नोंद त्यांनी ठेवावी, विद्यावेतन वेळेवर मिळतं का ते पाहावं, भरतीच्या बोलणीत या पोरांसाठी राखीव जागा मागावी. लाईनमन त्यांचाच आहे, त्याच्या हाताखालचा शागीर्दही त्यांनी आपला मानावा.