हौशी छायाचित्रांचे खुले दान

छायाचित्र काढले की भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार त्यावरचा हक्क सर्वसाधारणपणे काढणाऱ्याचा असतो. नोंदणी करावी लागत नाही, आणि छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो टिकतो. त्यामुळे लोणार सरोवराच्या कड्यावरून मोबाइलवर टिपलेले चित्र समाजमाध्यमांवर हजारोंनी पाहिले, तरी विश्वकोशात लेख लिहिणाऱ्याला ते विचारल्याशिवाय घेता येत नाही. ही परवानगी सर्वांना आधीच देऊन ठेवण्याची सोय म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने. पहिले परवाने २००२ मध्ये आले. त्यांतल्या एका प्रचलित परवान्यानुसार छायाचित्रकाराचे नाव दिले आणि बदललेले चित्रही त्याच अटींवर खुले ठेवले, की ते कोणीही वापरावे, अगदी धंद्यासाठीसुद्धा. मालकी सुटत नाही. मात्र दिलेली परवानगी मागे घेता येत नाही, म्हणून ती विचार करूनच द्यावी. विकिपीडियाला चित्रे पुरवणारे विकिमीडिया कॉमन्स हे भांडार २००४ पासून अशाच खुल्या परवान्यांवर उभे आहे.

लोणार ज्यात आहे त्या बुलढाणा जिल्ह्यासाठी अशा खुल्या चित्रांचे मोल मोठे आहे. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. नासाने २५ मे आणि १० जूनची उपग्रहचित्रे शेजारीशेजारी प्रसिद्ध केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्यात क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. पण काठावरच्या कमळजा देवीच्या देवळापासून पाणी कोणत्या महिन्यात किती दूर होते, हे बारकाईने सांगायला तारीख-ठिकाणासह जमिनीवरून काढलेली छायाचित्रेच लागतात. सहलीला आलेल्या माणसाने सहज काढलेला फोटो असा पुरावा होऊन बसतो. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी मोठी गर्दी लोटते. त्यातल्या एखाद्याने लखुजी जाधवांच्या राजवाड्याचे दगडकाम नीट टिपून दिले, तर पुढे डागडुजी करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल.

देणाऱ्याच्या पदरातही काही पडते. कुठल्याशा परभाषेतल्या लेखाखाली त्याचे नाव झळकते. अनोळखी फुलाचे वा कीटकाचे चित्र आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर ठेवले, तर जाणकार त्याची ओळख पटवून देतात. कधी जगाचे लक्षही वेधले जाते. नेदरलँड्समध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ स्पर्धेत २०१७ चा आंतरराष्ट्रीय पहिला क्रमांक जेजुरीच्या खंडोबा मंदिराच्या छायाचित्राला मिळाला. भंडाऱ्याने पिवळे झालेले ते देऊळ, ती माणसे महाराष्ट्राबाहेर अशी क्वचितच पोचली असतील.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. ज्ञानगंगा अभयारण्यासारख्या जंगलातल्या दुर्मीळ प्राण्याचे किंवा घरट्याचे नेमके ठिकाण उघड झाले, तर शिकाऱ्यांना आयती वाट सापडते. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींचे स्थान आपोआप धूसर करते. इतरत्र असे चित्र चढवण्याआधी मोबाइलने त्यात नोंदवलेले अक्षांश-रेखांश स्वतःच काढून टाकावे लागतात.