हर्बी हॅनकॉकचा ‘मेडन व्हॉयेज’

१७ मार्च १९६५. न्यू जर्सीतला ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ. पियानोवर २४ वर्षांचा हर्बी हॅनकॉक, ड्रमवर अवघा १९ वर्षांचा टोनी विल्यम्स! बासवर रॉन कार्टर, टेनर सॅक्सोफोनवर जॉर्ज कोलमन. हे चौघेही जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या तालमीत तयार झालेले. ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड.

या जाझ अल्बममधल्या पाचही रचना हॅनकॉकच्याच, आणि सगळ्यांत समुद्र.

शीर्षकरचनेचा बीज-ठेका मुळात टीव्हीवरच्या एका जाहिरातीसाठी सुचलेला. पियानो आणि बास तो तुटक, हेलकावत धरतात. एकेक कॉर्ड चार मात्रांची चार आवर्तनं अधांतरी तरंगत राहतो, कुठे टेकतच नाही. त्यामुळे एकल वादनाला ऐसपैस जागा मिळते. हबर्ड ती कशी भरून काढतो ते हेडफोन लावून ऐकाच.

शेवटचा ‘डॉल्फिन डान्स’ तर जाझ शिकणाऱ्यांच्या रियाजात आजही असतो.